छत्रीची वायर गोठ्यापर्यंत

खेड्यातले घर चार भिंतींत संपत नाही. पुढे अंगण असते, अंगणापलीकडे गोठा असतो, गोठ्याला लागून कडब्याची किंवा अवजारांची खोली असते, आणि त्या खोलीत बहुधा कोणीतरी माणूसही असते. कुठे म्हातारे वडील असतात. गुरांजवळ पाठ टेकल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. कुठे सालगड्याचे कुटुंब असते. कुठे दहावीला बसलेला मुलगा असतो, कारण घरातल्या गलबल्यात त्याचा अभ्यास होत नाही. टीव्ही मात्र माजघरात. मग एखाद्या संध्याकाळी कोणीतरी म्हणते, ‘अहो, डिशची छत्री आपलीच आहे. तीस-चाळीस मीटर वायर आणू आणि देऊ ओढून तिकडे. त्यात काय मोठंसं?’

त्यात मोठेसे काय आहे, तेवढेच आज आपल्याला सांगायचे आहे. शिक्षक मंडळींनाही हा प्रश्न पडतो. छत्री मुख्य इमारतीवर असते आणि मुलांना बसवायची खोली मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असते. म्हणजे गोठा असो की वर्गखोली, प्रश्न एकच.

थोडे मागे जाऊ. उपग्रहावरून आपल्या देशातल्या खेड्यांत टीव्ही पहिल्यांदा दिसला तो १९७५ साली. ‘साइट’ नावाचा तो प्रयोग १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत चालला. सहा राज्यांतली सुमारे २४०० खेडी त्यात होती. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. त्या वेळची छत्री कोंबड्यांच्या जाळीची, तीन मीटर व्यासाची असे. संच सार्वजनिक जागी ठेवलेला, आणि पाहायला सारा गाव. पुढे डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची थेट उपग्रह सेवा सुरू झाली. तिलाच आज आपण फ्री डिश म्हणतो. छत्री दोन फुटांची झाली आणि घरोघर गेली. सोय झाली यात शंका नाही. पण चावडीपुढचा टीव्ही माजघरात गेला, तेव्हा गोठ्याच्या खोलीतला माणूस मात्र बाहेर राहिला. त्याच्यापर्यंत चित्र पोचवणे हे चांगले काम आहे, आणि चांगले काम म्हणूनच ते नीट व्हायला हवे.

आता त्या काळ्या वायरीकडे पाहा. दिसायला एक वायर, पण तिच्यातून तीन वाटसरू जातात. पहिला वरून खाली येतो, तो चित्राचा. दुसरा खालून वर जातो, तो विजेचा. तिसऱ्याला कोणी बोलावलेले नसते. वाट मिळाली की तो कोणत्याही बाजूने शिरतो. वायर लांबवायची म्हणजे या तिघांचीही वाट लांबवायची. बहुतेक लोक फक्त पहिल्याचा विचार करतात. ‘चित्र दिसतंय ना? मग झालं!’ असे म्हणतात, आणि तिथेच चुकतात.

पहिल्या वाटसरूपासून सुरुवात करू. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो. त्याच्या लहरी दर सेकंदाला ११-१२ अब्ज वेळा कंप पावत छत्रीवर येतात. एवढ्या वेगाने थरथरणारी लहर साध्या वायरीतून फार लांब जात नाही, वाटेतच विरते. म्हणून छत्रीच्या तोंडाशी जो छोटा डबा असतो, ज्याला एलएनबी म्हणतात, तो दोन कामे करतो. तो लहरींची थरथर कमी करून ९५ कोटी ते २१५ कोटींच्या दरम्यान आणतो, आणि त्यांची शक्ती लाखो पटींनी वाढवतो. मग त्या लहरी वायरीत सोडल्या जातात.

वायरीत शिरल्यावरही गळती चालूच असते. आरजी-६ नावाची जी जाड काळी वायर बाजारात मिळते, ती चांगली असली तर ३० मीटरांनंतर खालच्या पट्ट्यातल्या लहरींची शक्ती साधारण चौथा हिस्सा उरते आणि वरच्या पट्ट्यातल्या लहरींची दहावा हिस्सा. ऐकून घाबरू नका. एलएनबीने आधी लाखो पटींनी वाढवलेले असल्यामुळे दहाव्या हिश्श्यातही बॉक्सचे भागते. पण ६० मीटर गेलात तर दहाव्याचा दहावा, म्हणजे शंभरावा हिस्सा उरतो. गणिताचा मास्तर म्हणून सांगतो, ही वजाबाकी नव्हे, हा भागाकार आहे. वायर दुप्पट झाली म्हणून तोटा दुप्पट होत नाही. तो वर्गाने वाढतो. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, तसे इथे छत्री पाहून वायर पसरावी.

तेव्हा बाजारात जाण्याआधी अंतर मोजा, आणि नजरेने नको, सुतळीने मोजा. छतावरून खाली उतरायला ४ मीटर, अंगण ओलांडायला १८ मीटर, गोठ्याच्या भिंतीवर चढायला ३ मीटर, आत टीव्हीपर्यंत ४ मीटर, झाले २९. त्यात वळणांसाठी आणि टोकांसाठी दहावा हिस्सा मिळवा. ३२ मीटर झाले. ‘इथून तिथं वीस मीटर असेल’ असे अंदाजाने सांगून आणलेली वायर नेमकी शेवटच्या भिंतीशी अपुरी पडते, आणि मग जोड देण्याची पाळी येते.

जोड देणे हा तर वेगळाच विषय. घरच्या दिव्याची वायर आपण सोलतो, पीळ देतो, चिकटपट्टी गुंडाळतो, आणि दिवा लागतो. छत्रीच्या वायरीला हे चालत नाही. पाटाचे पाणी वाहताना मध्येच पाट अरुंद झाला तर पाण्याची लाट अडून मागे फिरते, हे आपण पाहिले आहे. तसेच इथे होते. या वायरीत मधली तार, तिच्याभोवतीचा पांढरा थर आणि त्यावरची जाळी यांची मापे एकमेकांशी बांधलेली असतात. पीळ दिला की ते माप मोडते आणि लहर अडून मागे फिरते. खिळा ठोकून वायर चेपली किंवा काटकोनात मुडपली तरी हेच होते. जोड द्यावाच लागला तर त्यासाठी मिळणारा धातूचा जोडकनेक्टर वापरावा, आणि तो जमिनीत पुरू नये, हाताशी ठेवावा.

आता दुसरा वाटसरू. एलएनबी चालायला वीज लागते. ती कुठून येते? छतावर तर वेगळी जोडणी नसते. ती आपल्या बॉक्समधून त्याच वायरीने वर जाते. मौज अशी की, ही वीज निरोप्याचेही काम करते. आकाशातून येणाऱ्या लहरी उभ्या आणि आडव्या अशा दोन प्रकारच्या असू शकतात. बॉक्सने सुमारे १३ व्होल्ट पाठवले की सर्वसाधारण एलएनबी समजते, उभ्या लहरी हव्यात. १८ पाठवले की समजते, आडव्या हव्यात. दोहोंची सीमा साधारण १५ व्होल्टच्या आसपास असते. आता वायर लांब, आतली तार तांब्याचा नुसता मुलामा दिलेल्या लोखंडाची, वर एक-दोन गंजके जोड! बॉक्स १८ पाठवतो, पण वर पोचतात १४. एलएनबी बिचारा उभ्या लहरी देत राहतो. ज्या सेवेत दोन्ही प्रकारच्या लहरी वापरतात, तिथे मग काही वाहिन्या स्वच्छ दिसतात आणि काही अजिबात दिसत नाहीत. लोक म्हणतात, बॉक्स बिघडला. बॉक्सचा दोष नसतो, दोष वायरीचा असतो. म्हणून लांब अंतरासाठी आतली तार शुद्ध तांब्याची असलेली वायर मागा. ओळखायला सोपे आहे. तारेचे टोक चाकूने खरवडा. आतून पांढरट लोखंड दिसले तर ती मुलाम्याची. लोहचुंबक लावूनही कळते.

याच कारणामुळे एका वायरीला स्प्लिटर लावून दोन बॉक्स जोडणे अडचणीचे होते. माजघरातला बॉक्स १३ मागतो, गोठ्यातला १८ मागतो. एलएनबीने ऐकायचे कोणाचे? शिवाय स्प्लिटरमध्ये निम्म्याहून अधिक शक्ती जाते ती वेगळीच. दोन ठिकाणी दोन वेगळे कार्यक्रम पाहायचे असतील तर दोन तोंडांचा एलएनबी घ्यावा आणि प्रत्येक बॉक्सला त्याची स्वतंत्र वायर द्यावी. पैसे भरून घेतलेल्या सेवेत दुसऱ्या टीव्हीसाठी कंपनीचा दुसरा बॉक्स लागतो, हेही हिशेबात धरा.

आणि आता तिसरा, न बोलावलेला वाटसरू. श्रोतेहो, आजच्या बोलण्यात सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

छत्रीच्या वायरीला बाहेरून जी जाळी असते ती धातूची असते. ती छत्रीला, एलएनबीला, बॉक्सला आणि बॉक्समधून टीव्हीला जोडलेली असते. वायर गोठ्यापर्यंत नेली म्हणजे घर आणि गोठा या दोन इमारती आपण धातूने एकमेकींना बांधल्या. एका इमारतीतली विजेची भानगड आता दुसरीत जाऊ शकते.

गोठ्यातली वीज कशी असते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पत्र्याचे छप्पर, त्याखालून लोंबणारी जुनी वायर, ओली जमीन. वायरीचे आवरण पत्र्यावर घासून झिजले की पत्र्यात वीज उतरते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे काही ठिकाणी न्यूट्रल मिळत नाही म्हणून एक वायर खांबावरची घेतात आणि दुसरी जमिनीत पुरलेल्या सळईला जोडून दिवा लावतात. दिवा लागतो, पण ती सळई आणि तिच्याभोवतीची ओली जमीन, दोन्ही जिवंत होतात. अशा गोठ्यात छत्रीची जाळी त्या सळईला किंवा पत्र्याला कुठे टेकली, तर वीज सरळ घरातल्या बॉक्सपर्यंत आणि छतावरच्या छत्रीपर्यंत येते. कपडे वाळत घालायला गेलेल्या बाईचा ओला हात त्या छत्रीला लागला तर काय होईल, ते मी सांगायला नको.

मुक्या जनावरांचेही ध्यानात घ्या. गाईचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, आणि ती ओल्या जमिनीवर अनवाणी उभी असते. माणसाला कळणारही नाही एवढा एक-दोन व्होल्टांचा फरक तिला जाणवू शकतो. मग ती लोखंडी हौदातले पाणी पिताना दचकते, धार काढताना बिथरते. आपण म्हणतो, गाईला नजर लागली!

कधीकधी छत्रीला हात लावला की नुसत्या झिणझिण्या येतात. बॉक्सला अर्थिंग नसेल तर त्याच्या धातूच्या भागावर थोडा दाब राहतो. त्यातला प्रवाह अगदी अल्प असतो. पण शिडीवर उभा असलेला माणूस तेवढ्यानेही दचकून खाली पडतो. शिवाय ही झिणझिणी निरुपद्रवी की पुढच्या अपघाताची सूचना, हे बोटाला कळत नाही. म्हणून ‘होतं असं कधीकधी’ म्हणून सोडून देऊ नका. मुख्य स्विच बंद करून वायरमनला बोलवा.

मग आकाशातली वीज. आपल्याकडे वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात, विशेषतः मराठवाड्यात आणि विदर्भात, वीज पडून दरवर्षी माणसे आणि गुरे दगावतात. वीज प्रत्यक्ष छत्रीवर पडावी लागते असेही नाही. जवळच्या झाडावर पडली तरी त्या जागेच्या जमिनीचा दाब क्षणात चढतो. घराची जमीन एका दाबावर, गोठ्याची दुसऱ्या, आणि मधे आपली वायर! तो सगळा फरक तिच्यातून धावतो. टीव्ही जळाला तर परवडले. पण त्या क्षणी टीव्हीला हात लावून कोणी उभे असू नये.

यावर उपाय काय? छत्रीचा खांब जाड तांब्याच्या तारेने अर्थिंगला जोडावा. वायर इमारतीत शिरते तिथे तिची जाळी अर्थिंगला जोडणारा ठोकळा मिळतो, तो दोन्ही इमारतींत बसवावा. त्या इमारतीची विजेची अर्थिंग आणि ही अर्थिंग एकच असावी. छत्रीसाठी कोपऱ्यात वेगळी सळई ठोकून मोकळे होऊ नये. गोठ्याच्या जोडणीवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. ही कामे परवानाधारक वायरमनचीच आहेत. एवढे करूनही, लांब कुठे गडगडाट ऐकू आला की टीव्ही आणि बॉक्सचा प्लग काढावा, छत्रीची वायरही बॉक्समधून सोडवावी. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मग वायरीला हात लावायची वेळ निघून गेली, तिच्यापासून दूर बसावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाचे मोबाईल ॲप केले आहे. जवळपास वीज पडण्याची सूचना त्यावर मिळते. गावातल्या एकाच्या तरी फोनवर ते असावे.

आता निर्णयाकडे येऊ. वायर ओढायची की नाही? मी तीन प्रश्न सुचवतो.

अंतर किती? सुतळीने मोजलेले अंतर ३० मीटरांच्या आसपास असेल तर चांगल्या वायरीने काम होते. ५० मीटरांपर्यंत वायर उत्तम हवी आणि छत्री अगदी अचूक बसवलेली हवी. त्यापुढे लहरी वाढवणारा अँप्लिफायर लागतो. तो उपग्रह-वायरीसाठी बनवलेला असावा. जुन्या अँटेनाचा चालत नाही. आणि तो छत्रीजवळ बसवावा, गोठ्याजवळ नव्हे, कारण विरलेल्या लहरीबरोबर तो खरखरही वाढवतो.

दोन्ही इमारतींची वीज एकाच मीटरवरची आणि एकाच अर्थिंगची आहे का? नसेल, गोठ्याला किंवा शेतातल्या खोलीला वेगळी जोडणी असेल, तर वायर नेऊच नये.

तिसरा प्रश्न, त्या दुसऱ्या इमारतीवरून आग्नेयेचे आकाश दिसते का? फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. महाराष्ट्रातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर येतो. तिकडे चिंच, वड किंवा उंच भिंत आडवी नसेल, तर गोठ्यावर दुसरी छोटी छत्री बसवणे हाच उत्तम मार्ग. फ्री डिशला मासिक वर्गणी नाही. छत्री आणि बॉक्स यांचा खर्च एकदाच. लांब तांब्याची वायर, पाईप, अँप्लिफायर आणि खोदाईची मजुरी यांची बेरीज करून पाहा. बऱ्याच वेळा ती दुसऱ्या छत्रीच्या पुढे जाते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! दुसऱ्या छत्रीने दोन इमारती धातूने बांधल्याही जात नाहीत. अर्थात त्या छत्रीलाही तिच्या इमारतीची अर्थिंग हवीच.

म्हणजे वायर लांबवणे हा पहिला विचार नसावा. अंतर थोडे, मीटर एक, अर्थिंग पक्की असेल तेव्हाच ती लांबवावी.

तशी ती लांबवायची ठरली तर चार गोष्टी पाळा. वायर जमिनीखालून न्यायची तर पीव्हीसी पाईपातून, दीड-दोन फूट खोल न्या. नाहीतर घूस आणि उंदीर तिला महिनाभरही ठेवणार नाहीत. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जातो तिथे पाईप जाड लोखंडी घ्या. वरून न्यायची तर वायर नुसती लोंबकळत ठेवू नका. ताणाची वेगळी तार बांधून तिला आधार द्या, आणि विजेच्या खांबाचा आधार चुकूनही घेऊ नका. विजेची वायर आणि ही वायर एका पाईपात कधीही घालू नका. शेजारून न्यायची झाली तर हातभर अंतर ठेवा. आणि भिंतीत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचे पाणी झोळातून ठिबकेल, आत येणार नाही. कनेक्टरमध्ये पाणी शिरले की ते जाळीतून आत आत सरकत जाते आणि तार काळी पडते. उन्हाळ्यात बसवलेल्या वायरीची परीक्षा आषाढातच होते.

शिक्षकांसाठी एक सूचना. बिघाड कुठे आहे हे शोधायला यंत्र लागत नाही. बॉक्सच्या मेनूमध्ये सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता असे दोन पट्टे दिसतात. बॉक्स आणि टीव्ही छत्रीजवळ नेऊन आखूड वायरीने जोडा आणि आकडे लिहून घ्या. मग दूरच्या खोलीत नेऊन पुन्हा लिहा. छत्रीजवळच गुणवत्ता कमी असेल तर छत्रीची दिशा चुकली आहे. तिथे चांगली आणि खोलीत कमी असेल तर वायर किंवा जोड. हा प्रयोग आठवी-नववीच्या मुलांकडून करून घ्या. मोजमाप आणि कारणमीमांसा यांचा याहून चांगला पाठ पुस्तकात सापडणार नाही. फक्त छतावर मुलांना चढवू नका.

श्रोतेहो, गोठ्याच्या खोलीतल्या वडिलांना डीडी किसानवरचा हवामानाचा अंदाज पाहता यावा, सालगड्याच्या मुलीला शैक्षणिक वाहिनीवरचा धडा ऐकता यावा, ही इच्छा चांगली आहे. उद्या सकाळी बाजारात जाण्याआधी सुतळी घ्या आणि अंतर मोजा. मग गोठ्यातली अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. आणि त्यानंतरच वायर की दुसरी छत्री ते ठरवा. या क्रमात बदल करू नका, एवढे सांगून आपली रजा घेतो.